कडब्याची गंजी आणि गुरांचा जीव

श्रोतेहो, थंड मुलुखातल्या शेतकऱ्यांच्या हकिकती आपण कधीकधी वाचतो. तिकडे हिवाळ्यात बर्फाची वादळे होतात. वारा सुटतो, बर्फ आडवा उडतो, दहा पावलांवरचा गोठा दिसत नाही. दार ते गोठा दोर बांधून, त्या दोराला धरून माणूस गुरांना चारा घालायला जातो. हे वाचून आपल्याला वाटते, बरे झाले बुवा, आपल्या हिंगोलीकडे हे संकट नाही. पौषात हुडहुडी भरली तर आपण शेकोटी पेटवतो, वासरावर पोते टाकतो, झाले.

पण थोडा विचार केला म्हणजे ध्यानात येते की, तिकडचा हिवाळा आणि आपल्याकडचा वैशाख ही दोन सख्खी भावंडे आहेत. दोघेही एकच गोष्ट करतात. रानातला चारा बंद करतात. एक बर्फाखाली झाकून टाकतो, दुसरा उन्हाने करपून टाकतो. गाय मात्र दोन्हीकडे सारखीच असते. तिला रोज सकाळी दावणीत काहीतरी दिसावे लागते. म्हणून आज मी आपल्याशी इतिहासाच्या एका साध्या प्रश्नावर बोलणार आहे. रान बंद होते त्या दिवसांत आपल्या पूर्वजांनी गुरे कशी जगवली, आणि ज्या वर्षी ती जगली नाहीत त्या वर्षी नेमके काय चुकले?

आधी दूरची दोन उदाहरणे घेऊ. अमेरिकेच्या पश्चिमेकडील माळरानावर १८८० च्या सुमारास गुरांचा मोठा धंदा भरभराटीस आला होता. गुरे मोकळी सोडायची, उन्हाळा-हिवाळा ती रानातच चरायची, वैरण साठवायची गरजच काय, अशी तिथल्या मालकांची समजूत. १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला. गुरे फार, गवत थोडे. त्यावर १८८६-८७ चा हिवाळा असा कडक आला की, गवत बर्फाखाली गाडले गेले आणि कळपच्या कळप उभ्या जागी मेले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट यांचा तेव्हा डाकोटा प्रांतात गुरांचा व्यवसाय होता. त्यांचाही निम्म्याहून अधिक कळप गेला. त्यानंतर तिथले लोक शहाणे झाले. कुंपणे घातली, कळप लहान केले आणि उन्हाळ्यात गवत कापून हिवाळ्यासाठी त्याच्या गंज्या रचू लागले.

दुसरे उदाहरण मंगोलियाचे, आणि ते तर अगदी आपल्या काळातले. तिकडे उन्हाळ्यात दुष्काळ आणि पाठोपाठ कडक हिवाळा आला की, त्या संकटाला 'झुद' म्हणतात. २००९-१० च्या झुदमध्ये त्या देशातली ८० लाखांहून अधिक जनावरे मेली. म्हणजे साऱ्या देशाच्या पशुधनातला सुमारे पाचवा हिस्सा एका हिवाळ्यात गेला. इथेही पाहा, मारणारी थंडी असली तरी त्या थंडीच्या आधी पोट खपाटीला गेलेले होते. उन्हाळ्यात अंगावर मांस धरले नाही, गवत साठले नाही, मग जनावर थंडीशी झुंजणार कशाच्या जोरावर?

यावरून पहिला धडा मिळतो. संकटाच्या दिवशी मरणाऱ्या जनावराचे मरण पुष्कळदा चार-सहा महिने आधीच ठरून गेलेले असते. ज्या दिवशी गंजी रचायची होती आणि रचली नाही, त्या दिवशी ते ठरते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. हा धडा इथे कोणाला कळला नव्हता असे नाही. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातले, चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला जराही तसदी देऊ नका, अशा अर्थाने शिक्षक मंडळी ते वर्गात सांगतात. पण शेतकऱ्याच्या नजरेने ते पत्र पुन्हा पाहा. त्याचा बराचसा भाग वैरणीविषयी आहे! घोडदळ पावसाळ्यासाठी चिपळूणला राहिलेले. कोकणातला पावसाळा म्हणजे चार महिने रान बंद. महाराज बजावतात की, आज दाणागोटा आणि गवत भरपूर दिसते म्हणून मागेल त्याला मागेल तितके देऊन उधळू नका. भर पावसात ते कोठून मिळणार? घोडी उपाशी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुमची माणसे कुणब्यांच्या घरी जाऊन दाणे, गवत, लाकूडफाटा उचलून आणतील आणि रयत गाव सोडून जाईल.

एवढ्यावर ते थांबत नाहीत. गवताच्या गंजीजवळ कोणी शेकोटी पेटवील, कोणी चिलीम ओढील, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारे गवत भस्म होईल, इतका बारीक विचार त्या पत्रात आहे. राज्य उभारणारा पुरुष उंदीर आणि दिव्याची वात यांची काळजी का करतो? कारण त्याला ठाऊक होते की, गवत गेले म्हणजे घोडी गेली, घोडी गेली म्हणजे लष्कर गेले, आणि लष्कराने गवतासाठी रयत लुटली म्हणजे राज्यच गेले. साऱ्या इमारतीच्या पायाशी एक गवताची गंजी आहे.

त्यांचे दुसरे एक पत्र ५ सप्टेंबर १६७६ चे, प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेले. ज्याच्या अंगात कसण्याची ताकद आहे पण बैल नाही, दाणे नाहीत, त्याला बैलासाठी पैसे द्या, पोटाला धान्य द्या, आणि वसुली व्याजाशिवाय, त्याला झेपेल तसतशी करा, असा त्याचा आशय आहे. बैलाविना शेतकरी म्हणजे हाताविना माणूस, ही गोष्ट त्या काळचा राज्यकारभार जाणत होता. तीनशे वर्षांनंतरही हाच प्रश्न आपल्या भागात कसा उभा राहिला, ते आता पाहू.

हिंगोली जिल्हा स्वतंत्र झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधी तो परभणी जिल्ह्यात होता, आणि १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा यांच्या खोऱ्यांतली ही काळी जमीन. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव, कुठेही जा, जुन्या शेतीचा कणा एकच होता, तो म्हणजे ज्वारी. ज्वारीचे मोठेपण असे की, ती एकाच ताटावर दोघांना जेवू घालते. कणीस माणसाला, कडबा जनावराला. एका पिकात भाकर आणि वैरण दोन्ही घरात येते.

या भागातली जनावरेही याच व्यवस्थेत वाढलेली. लाल कंधारी ही आपल्याकडची नामांकित जात. मूळ नांदेड जिल्ह्यातल्या कंधारकडची, पण परभणी-हिंगोलीच्या शिवारातही तितकीच रुळलेली. रंग लाल, बांधा मध्यम, उन्हाला चिवट, खाण्याला काटक, कामाला तेज. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ही जनावरे पाहायला लोक लांबून येतात. अशा जातीचे काटकपण आभाळातून पडलेले नाही. थोड्या वैरणीवर, कोरड्या वैशाखात जी जनावरे टिकली त्यांचीच वासरे पुढे वाढली, असे शेकडो वर्षे चालले आणि जात घडली.

आणि त्या जातीच्या पाठीशी उभी होती गंजी. कुठे तिला बनीम म्हणतात. ज्वारी काढली, कणसे खुडली की कडबा वाळवून त्याच्या पेंढ्या बांधायच्या. मोजणी शेकड्यावर. आखाड्यावर उंचवट्याची जागा बघायची, खाली दगड किंवा पऱ्हाट्या अंथरायच्या म्हणजे ओल चढत नाही आणि वाळवी लवकर लागत नाही. मग पेंढ्या अशा रचायच्या की माथ्याला उतार राहावा, पाणी आत मुरू नये. भोवती बाभळीच्या काट्या. ज्याला चांगली गंजी रचता येते त्या माणसाला गावात मान असे. सोयरीक जुळवताना जुनी माणसे आखाड्यावर नजर टाकून येत. घरात किती आहे ते घरधनी सांगेल तसे, पण गंजी खोटे बोलत नाही.

मोठ्या जनावराला नुसत्या वाळल्या वैरणीचा हिशेब धरला तरी दिवसाला सहा किलो कडबा लागतो. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत १२० दिवस धरा. एका बैलाला ७२० किलो, म्हणजे सात क्विंटलांच्या वर. जोडीला साडेचौदा क्विंटल. त्यात एक गाय, एक म्हैस, दोन वासरे मिळवा. जुन्या शेतकऱ्याने हा हिशेब कागदावर मांडला नसेल, पण तो त्याच्या नजरेत होता. आणि शहाणा शेतकरी एका वर्षाच्या बेताने थांबत नसे. मागच्या वर्षीचा काही कडबा शिल्लक ठेवूनच तो नव्याला हात घाली. ती शिल्लक म्हणजे त्याचा विमा होता.

मग १८९९ साल उजाडले. त्या वर्षीचा पावसाळा हिंदुस्थानच्या फार मोठ्या भागात फसला. गुजरात, राजपुताना, वऱ्हाड, मध्यप्रांत, मुंबई इलाख्याची देशाकडची बाजू आणि निजामाचा मराठवाडा, सगळीकडे एकाच वेळी. विक्रम संवत १९५६ होते, म्हणून गुजरात-राजस्थानात आजही त्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात. सर अँटनी मॅक्डोनेल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १९०१ साली अहवाल दिला. त्यात एक मुद्दा ठळकपणे पुढे आला. आधीचे दुष्काळ प्रामुख्याने धान्याचे होते. या दुष्काळात धान्याबरोबर चाऱ्याचा आणि पाण्याचाही दुष्काळ पडला, आणि गुरांची हानी अतोनात झाली.

असे का झाले, याचे उत्तर शिक्षकांनी मुलांना जरूर समजावून द्यावे. धान्य एका पोत्यात पुष्कळ मावते. आगगाडीने ब्रह्मदेशाचा तांदूळ दख्खनमध्ये आणता येतो. कडबा मात्र आकाराने अवाढव्य आणि वजनाने हलका. एका जोडीच्या चार महिन्यांच्या वैरणीलाच कित्येक गाड्या लागतात, आणि ती गाडी ओढणारे बैलही वाटेत चाराच खातात! म्हणून चारा जिथल्या तिथेच असावा लागतो. त्यातून मनमाडहून हैदराबादला जाणारी आगगाडी परभणी-नांदेडच्या बाजूला १९०० च्या सुमारास नुकती कुठे येत होती, आणि हिंगोलीला तर रूळ पोचले ते त्याही नंतर.

त्या वर्षी लोकांनी काय केले नाही? छपरावरचे जुने गवत काढून घातले. पिंपळाचा, अंजनाचा पाला ओरबाडला, बाभळीच्या शेंगा झोडपल्या, निवडुंगाचे काटे भाजून तो घातला. काहींनी गुरे घेऊन पाण्याच्या शोधात नदीकाठ धरला. पण पाऊस जेव्हा चारी दिशांना फसतो तेव्हा जायचे कुठे?

परभणी जिल्ह्याची, म्हणजे ज्यात हिंगोली आणि वसमत होते त्या जिल्ह्याची, लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत सुमारे ८ लाख ५ हजार होती. १९०१ साली ती सुमारे ६ लाख ४६ हजार भरली. दहा वर्षांत दीड लाखाहून अधिक माणसे कमी झाली. काही मेली, काही रोगराईने गेली, काही देशोधडीला लागली. माणसांची ही गत, तिथे गुरांची मोजदाद काय सांगावी.

दुष्काळ पाऊस पडला की संपतो, असे आपण समजतो. ते खरे नाही. १९०० साली पाऊस आला, पण ज्याच्या गोठ्यात बैल उरला नव्हता त्याच्यासाठी तो पाऊस नुसताच पडून गेला. वखर कोण ओढणार? पाभर कोण चालवणार? वाफसा तर चार दिवसांचा असतो. तो शेजाऱ्याच्या बैलांची वाट पाहत थांबत नाही. गाय मेली म्हणजे पुढचे गोऱ्हेही गेले, आणि गोऱ्ह्याचा बैल व्हायला चार वर्षे लागतात. त्यामुळे एका साली मेलेल्या गुरांचा फटका पुढची चार-पाच साले बसत राहतो. माणूस सावकाराच्या दारात बैलासाठी जातो आणि कित्येकदा जमीन तिथेच ठेवून परततो.

यानंतरची मोठी परीक्षा १९७२ सालची. त्याची आठवण सांगणारी वडीलधारी माणसे अजून आपल्या गावांत आहेत. आधीची दोन वर्षे कमी पावसाची, त्यावर १९७२ चा पावसाळा कोरडा. या वेळी एक मोठा फरक होता. स्वराज्यात सरकारने कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, रस्ते, नालाबांध झाले. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. माणसे जगली, ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशीच आहे.

गुरांसाठी छावण्या उघडल्या, उसाचे वाढे आणले गेले. तरीही पुष्कळांच्या दावणी रिकाम्या झाल्या. त्यामागे बाजाराची एक कात्री असते. चारा संपत आला की साऱ्यांचीच जनावरे एकदम बाजारात येतात. बैलाचा भाव कोसळतो, कडब्याचा भाव चढतो. पाऊस पडला की उलट होते. बैल सोन्याच्या भावाने घ्यावा लागतो. ज्याच्याकडे गंजी शिल्लक आहे तो या कात्रीत सापडत नाही. तो थांबू शकतो. गरिबाला थांबता येत नाही, हेच तर त्याच्या गरिबीचे मर्म आहे.

याच सुमारास शेतीत आणखी एक बदल चालू होता. १९६४ साली सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. त्याने धान्य वाढवले, भुकेल्या देशाला ते हवेच होते. पण त्याचे ताट बुटके. कडबा कमी आणि गुरांना तो गोडही लागेना. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही रब्बीची ज्वारी मात्र कडब्यासाठीही लोकांनी जपली. पुढे सोयाबीन आले. आज हिंगोलीच्या शिवारात खरिपात सोयाबीन, कापूस, तूर, आणि वसमतच्या बाजूला हळद. पैसा या पिकांनी दिला, यात शंका नाही. पण सोयाबीनच्या गुळीने बैलाचे पोट भरत नाही, आणि हळदीच्या पाल्याची वैरण होत नाही. ज्वारी हटली तशी आखाड्यावरची गंजीही हटली. म्हणजे विम्याचा हप्ता भरायचे आपण हळूहळू बंद केले, आणि ते आपल्या ध्यानातही आले नाही.

बर्फाच्या वादळाला अगदी जवळचे असे जे संकट आपल्याकडे आले, ते २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये. मराठवाड्यात, विदर्भात, मध्य महाराष्ट्रात दिवसामागून दिवस गारपीट झाली. कुठे कुठे शेते पांढरी दिसत होती. उभी रब्बी ज्वारी आडवी झाली, कडबा काळा पडला, पाखरे झाडांखाली मरून पडली, आखाड्यावर उघड्यावर बांधलेली जनावरे जखमी झाली, दगावली. मोकळे जनावर निदान झाडाचा, बांधाचा आडोसा शोधते. खुंट्याला बांधलेल्या मुक्या जिवाला तेही करता येत नाही. ज्याने त्याला बांधले त्यानेच त्याच्या डोक्यावर छप्पर घालायचे, हा न्याय आहे.

मंडळी, इतिहास सांगून झाला की लोक विचारतात, मग आता काय करावे? मी शेतीशास्त्राचा माणूस नव्हे. पण इतिहासातून निघणाऱ्या चार गोष्टी सांगतो.

एक, एकरातल्या चार गुंठ्यांत का होईना, ज्वारी किंवा चाऱ्याचे पीक ठेवावे. दोन, हिरवा मका चिकात असताना कापून, कुट्टी करून, खड्ड्यात किंवा जाड पिशवीत दाबून हवाबंद केला तर दीड-दोन महिन्यांत मुरघास तयार होतो आणि उन्हाळ्यात हिरव्या चाऱ्याची उणीव भागवतो. याची माहिती परभणीच्या कृषी विद्यापीठात आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते. तीन, आखाड्यावर गुरांपुरते तरी पक्के छप्पर असावे आणि दाव्याची गाठ एका हिसक्यात सुटेल अशी असावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप विजेची आगाऊ सूचना देते. मुलांच्या हातात मोबाइल आहेच, त्याचा हाही उपयोग त्यांना शिकवा. आणि चार, चिपळूणच्या पत्रातला उंदीर विसरू नका. आज त्याच्या जागी लोंबणारी विजेची तार आणि विडीचे थोटूक आहे. गंजी घरापासून, गोठ्यापासून आणि तारेपासून दूर रचावी.

शिक्षकांना एक विनंती. आपल्या शाळेतल्या मुलांना एक वही करायला सांगा. गावातल्या प्रत्येक वृद्धाला त्यांनी विचारावे, बहात्तर साली तुमच्या दावणीला किती जनावरे होती, पाऊस पडल्यावर किती उरली, आणि उरली ती कशावर जगली? मोठ्या ग्रंथांत राजांच्या लढाया आहेत, आयोगांच्या अहवालांत आकडे आहेत. पण एका गावातली एक गाय एका वैशाखात कशी तगली, हे कोणीही लिहून ठेवलेले नाही. ते सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

आणि शेतकरी बंधूंनो, भगिनींनो, पोळ्याला आपण बैलाची पूजा करतो, पुरणपोळी खाऊ घालतो, झूल पांघरतो. ते करावेच. पण त्या संध्याकाळी आखाड्यावर एक फेरी मारून मागच्या वर्षीची किती वैरण शिल्लक आहे ते मोजून यावे. जागा रिकामी दिसली तर पुढच्या वैशाखाची तयारी त्याच दिवशी सुरू करावी.